ड्रॉवरमधलं मशीन: एका श्रवणचाचणीची पूर्ण हकीकत

काकू आत आल्या तेव्हा कानाचं मशीन त्यांच्या पर्समध्ये होतं, कानात नव्हतं. लेकीने ते डबीसकट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडलंय. आईला आता नवीन, चांगल्यातलं घ्यायचंय." काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना काहीही घ्यायचं नव्हतं, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासून कानाचं मशीन जुळवून देणारी. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण त्यात जगावेगळं असं काही नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या घरात जे जे होतं ते सगळं यात आहे, आणि माझी एक चूकही आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय ६६, सगळी नोकरी ग्रंथालयात. नोकरीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ग्रंथालयात लोक समोर उभे राहून, एकेकटे बोलतात आणि आजूबाजूला गोंगाट नसतो. अशा जागी ऐकणं बरंच कमी झालं तरी माणूस निभावून नेतो, त्याचं त्यालाही कळत नाही. निवृत्तीनंतर काकू आठ जणींच्या वाचनगटात जाऊ लागल्या आणि तिथे गाडी अडली. त्यांची तक्रार एका वाक्याची: "हल्ली लोक पुटपुटतात." लेकीची तक्रार टीव्हीच्या आवाजाची आणि फोनवर "हो हो" म्हणून भलतंच करण्याची. काकांचं मत लेकीने सांगितलं: "बाबा म्हणतात, तिला हवं ते बरोबर ऐकू येतं."

हे वाक्य मी कितीतरी नवऱ्यांकडून आणि बायकांकडून ऐकलंय. ते खोटं नसतं, त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावलेला असतो. खोली शांत, तोंड समोर आणि विषय ओळखीचा असेल तर ऐकू येतं. नळ चालू असताना पाठीमागून कोणी बोललं तर येत नाही. बघणाऱ्याला तो लहरीपणा वाटतो.

नेहमीचे प्रश्न विचारले. कान कधी वाहिला होता का, चक्कर येते का, कोणती औषधं चालू आहेत, आई-वडिलांना असं होतं का. बहुतेक उत्तरं "नाही". दोन गोष्टी मात्र मी अधोरेखित करून ठेवल्या. डाव्या कानात काही महिन्यांपासून बारीक सूं असा आवाज येत होता. आणि फोन त्या नेहमी उजव्याच कानाला लावत. का, तर "सवय". काकूंचं सगळं हळूहळू झालं होतं. एका कानाचं ऐकणं तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी गेलं असतं, तर माझ्याकडे न येता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं. तिथे स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं, आणि "मळ असेल, जाईल आपोआप" म्हणून लोक नेमके तेच दिवस घालवतात.

कानात टॉर्च घालून पाहिलं तर उजव्या कानाचा पडदाच दिसेना, इतका मळ. त्या दिवशी चाचणी केली नाही. मळाने कान बंद असताना काढलेला आलेख हा निम्मा मळाचा असतो. डॉक्टरांकडून कान साफ करून घेऊन काकू चार दिवसांनी परत आल्या. "जरा मोकळं वाटतंय," म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे मशीन लागणार नाही ना?"

काचेच्या आत

आधी टिंपॅनोमेट्री केली: कानाच्या तोंडाशी बोंडी बसवून हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा नीट हलतो का ते बघतात. दोन्ही कान ठीक. मग काकूंना आवाजबंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. "अगदी बारीक, आला की नाही अशी शंका वाटली तरी दाबायचं." आवाज १० डेसिबलने खाली, ऐकू नाही आला की ५ने वर, असं करत प्रत्येक कंपनसंख्येला त्या माणसाची ऐकण्याची खालची हद्द शोधायची. २५० हर्ट्झचा घुमणारा आवाज ते ८००० हर्ट्झची किणकिण, असा हा प्रवास. मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा, कारण त्यामुळे बाहेरचा आणि मधला कान वगळून थेट आतला कान तपासता येतो. या वेळी दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा आवाज सोडावा लागतो, नाहीतर चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तरं देत बसतो.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा हा आलेख, वाचताना लोक गोंधळतात, कारण तो उलटा असतो. रेष जितकी खाली तितकं ऐकू कमी. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. काकूंचा उजवा कान ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १०००ला ३०, २०००ला ४५, ४०००ला ६०. डावा त्याच क्रमाने २५, ३५, ६०, ७५. हाडावरून आणि हवेतून आलेली उत्तरं सारखीच, म्हणजे दोष आतल्या कानात. चारही आकड्यांची सरासरी उजवीकडे ३९, डावीकडे ४९. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गवारीत ३५ ते ५०च्या मधला माणूस "मध्यम" गटात बसतो आणि हिशेब बऱ्या कानाचा धरतात.

मला ती सरासरी फारशी आवडत नाही. काकूंची रेष घसरगुंडीसारखी होती. आलेखाच्या डाव्या टोकाला, जाड आवाजांना, त्या जवळपास तरुण माणसासारख्या ऐकत होत्या आणि आलेखाच्या उजव्या टोकाला, किणकिणत्या आवाजांना, बरंच काही हरवलं होतं. "मध्यम" या शब्दात दोन्हीपैकी काहीच दिसत नाही.

ते दिसलं शब्दांच्या चाचणीत. यात आवाज पुरेसा मोठा ठेवून एकेक सुटा शब्द ऐकवायचा आणि तो परत म्हणायला सांगायचा. वाक्य दिलं की माणूस अंदाजाने पूर्ण करतो, म्हणून सुटे शब्द. लेक माझ्या बाजूला काचेबाहेर बसली होती. मी म्हटलं "साठ", काकू म्हणाल्या "काठ". "पाट"चं "ताट" झालं, "चूल"चं "फूल". उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. त्यांना खरोखरच "काठ" ऐकू आलं होतं. लेक आधी हसली, मग गप्प झाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "म्हणजे ती दुर्लक्ष करत नव्हती."

चुकलेले शब्द नीट बघा. काठ आणि साठ यांत "आ" तोच. स्वर एकही चुकला नव्हता. स्वर जाड आवाजाचे आणि जोरकस असतात. "स", "श", "च", "ट", "फ" ही व्यंजनं बारीक कंपनांवर उभी असतात आणि मुळातच क्षीण असतात. स्वरांमुळे कळतं की कोणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते व्यंजनं सांगतात. म्हणून या माणसांना "जरा मोठ्याने बोला" म्हटलं आणि समोरचा ओरडला, तर स्वरच मोठे होतात, शब्द तसाच धूसर राहतो, आणि वर "ओरडतोस कशाला" हे भांडण.

मशीनच्या आधी

पंचवीस शब्दांत उजव्या कानाने २२ बरोबर पकडले, म्हणजे ८८ टक्के. डाव्याने १६, म्हणजे ६४. आवाज पुरेसा वाढवलेला असूनही.

वयाने येणारा ऐकण्याचा दोष साधारण दोन्ही कानांत सारखा उतरतो. इथे २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झला डावा कान १५ डेसिबलने मागे होता, शब्दांत बराच मागे होता आणि त्याच कानात आवाज येत होता. अशा वेळी मशीनची गोष्ट बाजूला ठेवायची. ऐकण्याच्या आणि तोलाच्या मज्जातंतूवर गाठ असू शकते. ती क्वचितच सापडते, सापडली तर बहुधा कर्करोगाची नसते, पण एमआरआयशिवाय ती नाही असं म्हणता येत नाही. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

लेकीला हे पटलं नाही. आधी मळ, आता एमआरआय, मशीन कधी? तिचा वैताग मला समजतो, पण त्या दिवशी मी मशीन विकलं असतं तर ते डाव्या कानातही वाजलं असतं, आणि तो कान मागे का पडला हा प्रश्न त्या वाजण्याखाली वर्षानुवर्षं गाडला गेला असता. तीन आठवडे गेले. एमआरआय स्वच्छ आला.

ड्रॉवरमधल्या मशीनचा पंचनामा

आता ती डबी उघडली. कानामागे बसणारं, बारीक वायरने कानात रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, जाणारं, चांगल्यापैकी मशीन. एकाच कानाचं, उजव्या. "एकाने भागेल" असं ठरलं होतं. काकूंनी ते अकरा दिवस घातलं. का सोडलं, असं मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्या खुर्चीत पुढे सरकून बोलल्या. "अगं, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा माझाच आवाज यायचा मला. आणि बाकीच्यांचं पुटपुटणं तसंच. फक्त मोठ्याने पुटपुटायचे."

इतकं अचूक निदान मी स्वतः लिहू शकले नसते.

मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि पडद्याच्या जवळपर्यंत केसासारखी लवचिक नळी सरकवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन असतो, त्यामुळे पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते पडद्यावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, उमटतं. समोरच्या स्पीकरवरून साध्या बोलण्याइतका, ६५ डेसिबलचा आवाज लावला. ऑडिओग्रामवरून कोणत्या कंपनांना किती आवाज मिळायला हवा हे ठरवणारी सूत्रं आहेत. मी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिप्रयोगशाळेचं एनएएल-एनएल२ वापरते. हव्या असलेल्या रेषेशी काकूंच्या मशीनची रेष ताडून पाहिली. ३००० हर्ट्झला मशीन १७ डेसिबल कमी पडत होतं. खाली ५०० हर्ट्झला, जिथे त्यांना मदतीची गरजच नव्हती, तिथे जास्तीचा आवाज ओतत होतं. शिवाय कानात बसवलेली रबरी टोपी, तिला आमच्याकडे डोम म्हणतात, ती बंद प्रकारची. आपण बोलतो तेव्हा जबड्याच्या हाडातून कानाच्या नळीत घुमारा शिरतो. एरवी तो कानाच्या तोंडातून निघून जातो. तोंड बुजवलं की आत कोंडतो. तीच काकूंची घागर.

म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं. ते कधी त्या कानाला जुळवलंच नव्हतं. संगणकाने सुचवलेली पहिली जुळवणी तशीच ठेवून दिली होती, आणि ती एका सरासरी कानासाठी असते. मी उघडा डोम लावला, रेष दुरुस्त केली. वीस मिनिटांचं काम. काकू म्हणाल्या, "हां. आता जरा माणसात आल्यासारखं वाटतंय." माझ्या मते कोणतंही मशीन घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: कानात नळी घालून मोजणार का? उत्तर "त्याची गरज नसते" असं आलं, तर मशीन कितीही भारी असो, दुसरीकडे जावं.

निवड

लेक माहितीपत्रकं घेऊन आली होती. एकात १६ चॅनेल, एकात ४८. "४८वालं घेऊ या ना?" चॅनेल म्हणजे आवाजाचे किती तुकडे पाडून ते वेगवेगळे हाताळता येतात, एवढंच. काकूंच्या घसरगुंडीला १६ तुकडे पुरून उरतात. माहितीपत्रक मी मिटवलं आणि कोरा कागद घेतला. कुठे ऐकू यायला हवंय, महत्त्वाच्या क्रमाने पाच जागा लिहा. काकूंनी लिहिलं: वाचनगट. नातवाचा फोन. टीव्ही, आवाज न वाढवता. दुकानात पैशाचा आकडा. आणि शेवटी, "हे दुसऱ्या खोलीतून बोलतात ते".

पाचव्या ओळीला मी तिथेच सांगितलं की याला मशीन नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो, भिंत आडवी आली की "स" आणि "च" आधी गळतात. त्यावर उपाय काकांनी उठून खोलीत येणं. काकूंनी ती ओळ खोडली नाही.

त्यांना न दिसणारं, कानाच्या आत जाणारं छोटं मशीन हवं होतं. मी नको म्हटलं. ते कानाचं तोंड बुजवतं, म्हणजे पुन्हा घागर. त्यात दोन मायक्रोफोन मावणं कठीण, आणि समोरच्याचं बोलणं मागच्या गोंगाटातून वर काढायचं तर दोन लागतातच. ज्या कानात मळ भराभर साठतो तिथे ते सारखं बंद पडतं. आणि त्याची बॅटरी डाळीच्या दाण्याएवढी. काकूंच्या बोटांचे सांधे सुजलेले. मी ३१२ नंबरची बॅटरी, तपकिरी स्टिकरची, हातात दिली आणि बसवायला सांगितलं. तीनदा खाली पडली. चौथ्यांदा त्यांनीच डबी परत सरकवली. चार्ज होणारं ठरलं. चष्मा होता, म्हणून कानामागचं मशीन लावून चार वेळा चष्मा घालायला-काढायला लावला. हे दिसायला किरकोळ, पण चष्म्याबरोबर मशीन ओढलं जाऊन हरवणारे कमी नाहीत.

दोन्ही कानांना मशीन, कारण आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. डाव्या कानाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले: तो साथ देईल, पण शब्द स्वच्छ करून देणार नाही. एकाच कंपनीच्या दोन पातळ्यांची मशीनं, महाग आणि साधी, दोन-दोन आठवडे घरी दिली. दिसायला सारखी, कोणतं कोणतं ते सांगितलं नाही. काकूंना फोन, टीव्ही, दुकान यांत फरक कळला नाही. वाचनगटात दोन्ही जेमतेम. याचं कारणही समजण्यासारखं आहे: मशीनने समोरचा आवाज निवडला तरी उघड्या डोमच्या भोकांतून गोंगाट थेट आत येतोच, आणि त्या हॉलच्या फरशीवर, भिंतींवर आवाज आपटून परत येत होता. साधी पातळी घेतली आणि वाचलेल्या पैशांत टेबलावर ठेवायचा वायरलेस मायक्रोफोन घेतला. बोलणारीच्या तोंडापासून एका हातावरचा आवाज थेट काकूंच्या कानात.

लेकीने मध्येच विचारलं होतं, "न घातल्यास स्मृतिभ्रंश होतो म्हणतात?" लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२०मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत मोजलं, हे खरं. पण २०२३मध्ये अचीव्ह नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर मशीनने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. एवढंच मी सांगते. भीती घालून विकलेलं मशीन ड्रॉवरमध्येच जातं.

माझी चूक

डाव्या कानाला अगदी वरच्या कंपनांपर्यंत पूर्ण रेष गाठायची म्हणून मी हट्टाने आवाज चढवला. उघड्या डोममधून तो बाहेर गळून मायक्रोफोनमध्ये शिरला आणि मशीन शिट्टी मारू लागलं. शिट्टी थांबवायला मी बंद डोम लावला. घागर! ज्या बाईने घागरीपायी आधीचं मशीन सोडलं तिला मी तीच परत दिली, आणि संगणकावरची रेष सुंदर जुळली म्हणून खूश होते.

काकू काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी "रोज घालते" म्हणाल्या. मशीन स्वतः तास मोजून ठेवतं: उजवं रोज सहा तास, डावं पन्नास मिनिटं. आकडा दाखवला तेव्हा त्या ओशाळल्या, आणि खरं तर ओशाळायला मी हवं होतं. कानाचा ठसा घेतला, डोमऐवजी तीन मिलिमीटरचं भोक ठेवून साचा करवला आणि ४०००च्या वरची रेष सोडून दिली. कागदावर जुळवणी आधीपेक्षा वाईट दिसते. डावं मशीन पुढच्या महिन्यात रोज आठ तास कानात होतं.

पहिल्या दिवसांत वर्तमानपत्राची पानं कडकडतात, नळ अंगावर येतो. "माझी चप्पल वाजते हे मला माहीतच नव्हतं," असं काकू म्हणाल्या. मेंदूला हे आवाज पुन्हा मागे ढकलायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला आवाज थोडा कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवला. मोठे आवाज टोचू नयेत म्हणून वरची मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी बांधली. या कानांना बारीक आवाज येत नाही, आणि मोठा लगेच असह्य होतो.

सहा महिन्यांनी पाच ओळींचा कागद काढला. वाचनगट: "बराच फरक", पण आठही जणींनी मायक्रोफोन हातोहात फिरवायचं मनावर घेतलं तेव्हापासून. फोन थेट मशीनमध्ये येतो, नातवाचं कळतं. टीव्हीचा आवाज २८वरून १६वर आला, हा लेकीचा आकडा. दुकानात अजून दोनदा विचारावं लागतं, त्याचं काकूंना आता काही वाटत नाही. पाचवी ओळ जशीच्या तशी. काका अजून दुसऱ्या खोलीतूनच बोलतात.

डाव्या कानाचा ऑडिओग्राम पुन्हा काढला. एका ठिकाणी ५ डेसिबलचा फरक, तो चाचणीतल्या नेहमीच्या चढउतारात मोडतो. पुढची तारीख एका वर्षाने दिली. जुनं मशीन उजव्या कानासाठी राखीव म्हणून ठेवलंय. रिसीव्हरवरचा मळाचा फिल्टर बदलायला काकूंनी माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा चष्मा न लावता.